आजोबांचा फोटो काढण्याआधी: नाक, डोळे, चष्मा आणि पंचवीस हजार रुपये

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. त्यासोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. आम्ही तासगावजवळ राहतो. गावात आता मुलामुलींच्या लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो काढायला मला बोलावतात. पण चेहरे नीट येत नाहीत. नाक मोठं दिसतं, डोळ्यांखाली काळं येतं, चष्मा चमकतो आणि माणसं कॅमेरा दिसला की काठीसारखी ताठ होतात. मुलीकडचे सांगतात, ‘रंग जरा उजळ करून द्या.’ पुढच्या महिन्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांचा १२ × १८ इंची फोटो फ्रेम करायचा आहे. एक ओळखीचे स्टुडिओवाले म्हणतात, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतल्याशिवाय पोर्ट्रेट जमणार नाही. माझ्याकडे २५ हजार रुपये साठले आहेत. काय घेऊ?

उत्तर : आज काहीच घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही कॅमेऱ्याच्या बॉडीमुळे होत नाहीये. नाक अंतरामुळे मोठं येतं, डोळे उजेडाच्या दिशेमुळे काळे पडतात, चष्मा कोनामुळे चमकतो. फुल फ्रेम घेतलात तर ही सगळी दुखणी तशीच्या तशी, फक्त जास्त स्पष्ट दिसतील. पैशांचं शेवटी बोलू, कारण दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या नक्की आहेत.

आधी नाक. चेहऱ्याचा फोटो म्हणून तुम्ही १८-५५ लेन्स २०-२५ मिलिमीटरवर ठेवून माणसाच्या अगदी जवळ, दोनेक फुटांवर जात असणार. नाकाच्या टोकापासून कान साधारण १०-१२ सेंटिमीटर मागे असतो. कॅमेरा ६० सेंटिमीटरवर असेल तर कान ७२ वर जातो, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक जवळजवळ २० टक्के मोठं नोंदलं जातं. तोच कॅमेरा २ मीटरवर, म्हणजे साडेसहा फुटांवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला खटकत नाही. चेहरा लेन्सने बिघडत नाही, तुम्ही कुठे उभ्या राहता त्याने बिघडतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी पाच ते आठ फुटांवर जाऊन उभ्या राहा, मग झूम फिरवून चौकट ठरवा. तुमच्या कॅमेऱ्यावर २ मीटरवरून, कॅमेरा उभा धरून, ५० मिलिमीटरला साधारण ९० सेंटिमीटर उंचीचा भाग येतो, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत. ८५ ला साधारण ५२ सेंटिमीटर, म्हणजे डोकं आणि खांदे.

आणि ८५ तुमच्याकडे आहे. ती ५५-२५० लेन्स पक्ष्यांसाठी म्हणून पिशवीत पडून असेल, तर ती बाहेर काढा. अंगणात ८५ ते १३५ च्या दरम्यान ती फार चांगली पोर्ट्रेट लेन्स आहे. १३५ ला, ३ मीटरवरून, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५ किंवा ५.६ ठेवलं तरी जेमतेम १० सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. मागची भिंत १५-२० फूट लांब असली की ती आपोआप विरघळते. लोक पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी महागड्या लेन्सच्या मागे लागतात आणि माणसाला मात्र भिंतीला टेकवून उभं करतात. माणूस भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणा. निम्मं काम तिथेच होतं.

घरात जागा कमी पडते हे खरं. १० × १२ च्या खोलीत कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, तिरकं बघा. नाहीतर तुम्ही शेजारच्या खोलीत उभ्या राहा आणि मधल्या दारातून फोटो काढा.

आता डोळे. भर दुपारी अंगणात किंवा छताच्या ट्यूबखाली उभं केलं की उजेड डोक्यावरून येतो, भुवईच्या हाडाची सावली डोळ्यात पडते आणि बुबुळात चमक राहत नाही. तुम्हाला समोरून किंवा बाजूने येणारा मोठा उजेड हवा. तो तुमच्या घरात फुकट आहे. तीन फूट रुंद, सात फूट उंच दार म्हणजे बऱ्याच स्टुडिओंतल्या सॉफ्टबॉक्सपेक्षा (उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या कापडी पेटीपेक्षा) मोठा सॉफ्टबॉक्स. अट एकच, त्या वेळी त्यात थेट ऊन पडत नसावं. उत्तरेचं दार बहुतेक वेळा दिवसभर चालतं. पूर्वेचं दुपारनंतर, पश्चिमेचं सकाळी. दुसरं दारच नसेल आणि ऊन येत असेल तर दारात पांढरं धोतर किंवा मलमल ताणून बांधा. रंगीत पडदा किंवा साडी लावू नका, तिचा रंग सरळ गालावर उतरतो.

दाराची मांडणी दोन प्रकारे होते. सोपी आधी सांगते. माणसाला उंबरठ्याच्या आत हात-दीड हात, तोंड बाहेर करून बसवा आणि तुम्ही अंगणात सहा फुटांवर उभ्या राहा. वरच्या छपरामुळे डोक्यावरचा उजेड अडतो, समोरचा तेवढा चेहऱ्यावर येतो आणि मागे घराचा अंधार राहतो. नवशिक्यासाठी याहून भरवशाचा उजेड नाही, आणि सुरकुत्याही मऊ दिसतात.

दुसरी मांडणी वयस्कर चेहऱ्यासाठी जास्त बोलकी. खुर्ची दारापासून तीन फूट आत, दार माणसाच्या एका बाजूला. तुम्ही खोलीच्या आत, दाराच्या भिंतीला जवळजवळ चिकटून. माणसाचा चेहरा दार आणि कॅमेरा यांच्या मधोमध वळवा. मग चेहरा बोट-दोन बोटं इकडेतिकडे फिरवायला सांगत पलीकडच्या गालाकडे बघा. डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटला की थांबा. त्रिकोण नाहीसा होऊन तो गाल पूर्ण काळा झाला, तर चेहरा दाराकडे थोडा वळवा. बुबुळात दाराचं पांढरं प्रतिबिंब घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर बटण दाबू नका.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, दोन खुर्च्यांच्या पाठीवर पांढरी चादर टाका. चादर चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर हवी, लांब गेली की परिणाम संपतो. आपल्याकडे घरांच्या भिंती पोपटी, गुलाबी, आकाशी असतात. सावलीतल्या गालावर तोच रंग चढतो आणि माणूस आजारी दिसतो. पांढरी चादर हा रंगही अडवते. ट्यूब आणि बल्ब बंद करा. दाराचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकाच चेहऱ्यावर आले की सॉफ्टवेअरमध्ये ते नीट सुटे करणं फार कठीण जातं. झाडाखालची सावली मोहक दिसते, पण पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके कपाळावर पडतात आणि हिरवा रंग त्वचेत शिरतो. झाडापेक्षा गोठ्याच्या किंवा पडवीच्या छपराची कड बरी.

चष्म्याचा नियम शाळेतलाच आहे, आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे. काचेत जे चमकतं ते नेहमी कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला असतं. म्हणून आधी फोटोकडे नाही, काचेत काय दिसतंय त्याकडे बघा. आजोबा दाराबाहेर तोंड करून बसले असतील तर काचेत अख्खं उजळ अंगण दिसेल. घरात काळी घोंगडी असेल तर दोघांना ती तुमच्या मागे, तुमच्यापेक्षा उंच ताणून धरायला सांगा. काचेत अंगणाऐवजी घोंगडीचा काळोख येतो आणि डोळे स्वच्छ दिसतात. तेवढ्याने भागलं नाही तर चष्म्याच्या दांड्या कानावर अर्धा सेंटिमीटर वर उचला. काच किंचित खाली झुकते आणि चमक कॅमेऱ्याकडे न येता जमिनीकडे जाते. बाजूने हे उचललेलं कळतही नाही. चष्मा काढायला सांगू नका. नाकावर वळ दिसतात, आणि ज्या माणसाला घरच्यांनी चाळीस वर्षं चष्म्यातच पाहिलंय तो फ्रेममध्ये परका वाटतो. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर फोटोआधी १० मिनिटं माणसाला घरात बसवून ठेवा.

सेटिंगबद्दल. डायल एम (मॅन्युअल) वर. बसलेल्या मोठ्या माणसासाठी शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, लहान मुलासाठी १/२५० किंवा वर. ५५-२५० लेन्स १३५ ला असेल तर मोठ्यांसाठीही १/२५०. लेन्सवरचं स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, आजोबांच्या मानेची नाही. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० लागला तर बिनधास्त लावा. दाणेदार फोटो फ्रेममध्ये शोभतो, हललेला फोटो फेकून द्यावा लागतो.

फोकस जवळच्या डोळ्यावर. तुमच्या कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत, पण त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. घरातल्या मंद उजेडात कडेचे बिंदू चाचपडतात. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा जे सर्वात जवळ दिसेल ते धरतो, म्हणजे नाक, नथ किंवा काठीवरचा हात. म्हणून मधला एकच बिंदू निवडा, डोळ्यावर ठेवा, अर्धं बटण दाबा, चौकट जरा सरकवून फोटो घ्या. फार सरकवू नका, त्यात फोकस मागे जातो. गरज वाटली तर चौकट मोकळी ठेवून नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमधून थोडं कापलं तरी १२ × १८ ला काही कमी पडत नाही.

आता रंगाचं, कारण हा तुमच्या पत्रातला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न आहे. ‘उजळ करून द्या’ या मागणीला नकार द्या, आणि नकार देताना मुलीचा चांगला फोटो हातात ठेवा. सावळ्या चेहऱ्याचे फोटो बऱ्याचदा मेलेले दिसतात, त्यात दोष उजेड मोजण्याचा असतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं दृश्य एका मध्यम करड्या छटेवर आणू बघतो. सावळ्या माणसाने पांढरा सदरा घातला असेल तर मीटर सदऱ्याला घाबरून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, कमी करतो आणि चेहरा मातकट होतो. मग घरचे म्हणतात काळा आला, स्टुडिओवाला स्लाइडर ओढतो आणि चेहरा राखेसारखा होतो.

१५००डी मध्ये स्पॉट मीटरिंग (अगदी छोट्या ठिपक्यावरचा उजेड मोजणं) नाही, पण पार्शल आहे. ते चौकटीच्या मधला साधारण १० टक्के भाग मोजतं. ते निवडा, चेहरा मधोमध घेऊन मोजा. सावळ्या त्वचेसाठी मीटरचा काटा शून्यापासून अर्धा ते एक घर उणेकडे ठेवा, गोऱ्यासाठी तेवढाच अधिककडे. मग एक फोटो काढून टोपी किंवा सदरा बघा. प्रीव्ह्यूमध्ये पांढऱ्या टोपीवर लुकलुकणारा काळा डाग आला तर तिथला तपशील गेला. एक-तृतीयांश घर खाली या. त्वचेचं तेज मात्र एक्स्पोजर वाढवून येत नाही. ते येतं बाजूच्या मोठ्या उजेडाच्या प्रतिबिंबातून, गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेवर. सावळ्या त्वचेवर हे प्रतिबिंब सर्वात सुंदर उमटतं. दाराच्या उजेडात काढलेला असा एक फोटो आईवडिलांना दाखवा, उजळ करण्याचा विषय बऱ्याचदा तिथेच संपतो. नाही संपला, तरी करू नका. त्या मुलीला समोरासमोर भेटणारा माणूस फोटोशी तुलना करणार, आणि त्या क्षणी तिथे ती बसलेली असेल, तुम्ही नाही.

सोबत तीन छोट्या गोष्टी. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. त्या उजेडात चेहऱ्याच्या जागी एक कोरा पांढरा कागद धरून फोटो घ्या आणि मेनूतून कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून) तोच निवडा, रंगाचे निम्मे वाद मिटतात. आणि चेहऱ्यावर तेल किंवा घाम चमकत असेल तर मऊ सुती रुमाल टेकवून टिपा, पुसू नका. पावडर नकोच, फ्लॅशमध्ये ती पांढरा चट्टा होऊन दिसते. फोटो साफ करतानाचा माझा नियम असा, की पंधरा दिवसांनी आपोआप जाणारी पुटकुळी काढायची, तीळ, व्रण आणि सुरकुती ठेवायची.

माणसं ताठ होतात, कारण आपण त्यांना समोर बसवून मग कॅमेऱ्याशी खेळत बसतो. त्या तीन मिनिटांत त्यांचा धीर जातो. आधी घरातल्या एखाद्या पोराला त्या जागेवर बसवून सगळं ठरवून घ्या, फोकसचा बिंदूसुद्धा. मगच आजोबांना बोलवा. ‘हसा’ म्हणू नका, तोंड हसतं आणि डोळे घाबरलेले राहतात. ज्याचं उत्तर सांगावंसं वाटेल असं काही विचारा. द्राक्षाची पहिली बाग कुठल्या वर्षी लावली, रोपं कुठून आणली, तेव्हा मजूर काय घ्यायचे. बोलताना फोटो काढू नका, तोंड वेडंवाकडं येतं. वाक्य संपतं, माणूस तुमच्याकडे बघून क्षणभर थांबतो, तो क्षण. तिथे लागोपाठ तीन फोटो घ्या, एकात डोळे मिटलेले असतातच.

शरीराचंही थोडं. खांदे कॅमेऱ्याला थेट समोर ठेवले की ओळखपत्राचा फोटो होतो. खुर्ची थोडी तिरकी ठेवा आणि फक्त चेहरा तुमच्याकडे वळवायला सांगा. खुर्ची बिनहाताची, शक्यतो कडक बैठकीची, सोफ्यात माणूस रुततो. ‘श्वास सोडा’ म्हणा, खांदे आपोआप उतरतात. गळ्याखालची वळी लपवायची तर हनुवटी आधी बोटभर पुढे आणि मग किंचित खाली. हे तोंडी सांगितलं की सगळे हनुवटी वर करतात, म्हणून स्वतः करून दाखवा. हातांना काहीतरी द्या, काठी, उपरणं, माळ. रिकामे हात मुठी वळतात. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे आजी पाटावर बसल्या असतील तर तुम्ही गुडघ्यावर.

पदर, कुंकू, टोपी यांना तुम्ही हात लावू नका. ‘आजी, पदर डोक्यावर ठेवायचा की खांद्यावर?’ असं विचारा आणि सूनबाईंना सारखा करायला सांगा. नवी कडक साडी नको, ती पुठ्ठ्यासारखी उभी राहते. एकदा धुतलेली, रोज आवडणारी बरी. नथीचा मोती ओठावर सावली टाकतो का ते बघा. टाकत असेल तर चेहरा उजेडाकडे थोडा वळवा.

बायोडाट्याला दोन फोटो लागतात, एक खांद्यापर्यंत आणि एक पूर्ण उंचीचा. पहिल्याचं वर आलंच. दुसऱ्यात बहुतेक जण डोळ्याच्या उंचीवरून, जवळून, झूम मोकळा सोडून काढतात आणि मुलगी बुटकी दिसते. ४ मीटर, म्हणजे १३ फूट मागे जा, १८-५५ लेन्स ४५ च्या आसपास ठेवा, कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरा. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा राहून पूर्ण उंची बसते. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि पुढे दहा जणांकडे तोच फिरतो.

आता पंचवीस हजार. पहिली खरेदी कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम. तुमच्या सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या ८० सारखी दिसते. तिचा उपयोग पार्श्वभूमी धूसर करण्यापेक्षा घरातल्या उजेडात जास्त आहे. तुमची झूम लेन्स ५५ ला एफ/५.६ वर अडते, ही तीन पायऱ्यांहून जास्त, म्हणजे नऊपटीहून जास्त, उजेड आत घेते. पण १.८ वर लगेच उडी मारू नका. दीड मीटरवरून १.८ ला फक्त ६ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. माणूस श्वास घेताना पुढेमागे झाला तरी डोळा सुटतो. २.८ ला ती साडेनऊ होते. चेहऱ्यासाठी २.८ ते ४ मध्ये राहा. तिची जुनी आवृत्ती, ५० एफ/१.८ मार्क दोन, स्वस्तात मिळते, पण तिचा माउंट (कॅमेऱ्याला बसणारा भाग) प्लास्टिकचा आहे आणि मंद उजेडात फोकस बराच वेळ घरघरत राहतो. थोडे पैसे वाचवून ती घेऊ नका. हे वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी एक ओळ: डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथे एएफ-एस लिहिलेलीच ५० घ्या. एएफ-डी घेतली तर फोकस हाताने करावा लागेल.

दुसरी खरेदी कॅमेऱ्यापासून लांब ठेवता येणारा एक मॅन्युअल फ्लॅश, त्याला कॅमेऱ्यावरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर, सात-आठ फुटी स्टँड, फ्लॅश धरणारी ब्रॅकेट आणि उजेड आरपार जाऊ देणारी ४०-४३ इंची पांढरी छत्री. गोडॉक्सचा टीटी६०० या कामाला पुरतो, त्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो. पण इथे तुमच्या कॅमेऱ्यात एक मेख आहे. १५००डी च्या वरच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधोमध असणारा मोठा गोल संपर्कबिंदू कॅननने काढून टाकलाय. २००डी मार्क दोनमध्येही तेच. त्यामुळे असा साधा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसवला तर पेटतच नाही, आणि बरेच ट्रिगरही गप्प बसतात. गोडॉक्सच्या कॅननसाठीच्या एक्स२टी ट्रिगरला अशा कॅमेऱ्यांवर चालण्याची सोय दिली आहे, पण जुन्या साठ्यातला असेल तर फर्मवेअर (ट्रिगरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. म्हणून ऑनलाइन मागवू नका. सांगलीत किंवा कोल्हापुरात दुकानात जा, आपला कॅमेरा सोबत न्या, ट्रिगर लावून फ्लॅश दहा वेळा पेटवून बघा, मग पैसे द्या.

ट्रिगरचे पैसे लगेच नसतील तर फ्लॅश एस२ मोडवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडा. त्याचा झोत बघून मोठा फ्लॅश पेटतो. एस१ वर ठेवलात तर उजेड मोजण्यासाठी कॅमेरा फोटोआधी जो छोटा झोत टाकतो, त्यालाच तो पेटून मोकळा होतो आणि प्रत्यक्ष फोटोत अंधार येतो. बाहेर उन्हात ही युक्ती चालत नाही.

छत्रीची मांडणी दारासारखीच. चेहऱ्यापासून तीन-चार फूट, बाजूला ४५ अंश, छत्रीचा मध्य डोळ्यांच्या फूट-दीड फूट वर. सुरुवात शटर १/१६०, एफ/५.६, आयएसओ २००, फ्लॅश १/८ ताकदीवर. चेहरा जास्त उजळला तर १/१६, कमी पडला तर १/४. शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका, नाहीतर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण तितक्या वेगात फ्लॅश पेटतो तेव्हा शटरचा एक पडदा आड आलेला असतो. उजेड कडक वाटला तर छत्री लांब नाही, जवळ आणा. लांब नेली की ती चेहऱ्याच्या दृष्टीने लहान होते आणि सावल्या आणखी धारदार होतात. अंगणात स्टँडला एकटं सोडू नका, छत्री म्हणजे शीड, वाऱ्याची एक झुळूक आली की फ्लॅश तोंडावर आपटतो. पायाला वाळूची पिशवी बांधा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. सेल चार्ज होणारे निमएच (NiMH) प्रकारचे, आठ घ्या, चार फ्लॅशमध्ये आणि चार खिशात.

एवढ्यात तुमचे पैसे जवळपास संपतील. रिंग लाइट घेऊ नका, बुबुळात कडं उमटतं आणि चष्म्यात तर दोन कडी. ८५ एफ/१.८ चा मोहही सध्या नको. १० × १२ च्या खोलीत तिला मागे सरकायला जागा नाही, आणि अंगणासाठी तुमच्याकडे ५५-२५० आहेच. सोनेरी रिफ्लेक्टर गव्हाळ त्वचेला कावीळ झाल्यासारखं दाखवतो, घेतलाच तर त्याची पांढरी बाजू वापरा.

राहिला आजोबांचा फोटो. समारंभाच्या दिवशी काढू नका. त्या दिवशी पाहुणे, हार, धावपळ, आणि ८१ व्या वर्षी माणूस दुपारपर्यंत थकतो. आठवडाभर आधी एखाद्या सकाळी, त्यांचा चहा-नाश्ता झाल्यावर, नऊ-साडेनऊला अर्धा तास मागून घ्या. आदल्या दिवशी त्याच वेळी दारात ऊन येतं का ते पाहून ठेवा. कॅमेऱ्यावर ५० लेन्स, किंवा ती आली नसेल तर ५५-२५० लेन्स ७० च्या आसपास, आठ फुटांवरून. वीस मिनिटांत पुरेसे फोटो होतात, त्यानंतर चेहरा उतरतो. चौकट मोकळी ठेवा. १२ × १८ चं प्रमाण तुमच्या सेन्सरचंच आहे, काही कापलं जात नाही, पण फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाते. टोपीचं टोक चौकटीला चिकटलेलं असेल तर ते पट्टीखाली जाईल. लॅबला एसआरजीबी रंगसेटिंगमधली जेपेग फाइल द्या, कागद मॅट सांगा आणि काच व फोटो यांच्यामध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) टाकायला लावा. काचेला थेट टेकलेला फोटो पावसाळ्याच्या दमटपणात तिला चिकटतो आणि मग फाटल्याशिवाय निघत नाही.

आजोबा उठले की खुर्ची लगेच हलवू नका. त्याच उजेडात, त्याच सेटिंगवर आजींना बसवा. त्या ‘माझा कशाला’ म्हणतील, तेव्हा दोन मिनिटं जास्त थांबा.